युद्धातल्या बाळंतिणींच्या नावाने फिरणारे असत्य

‘दुसऱ्या महायुद्धाने सिद्ध केलेले सत्य, जे डॉक्टर तुम्हाला कधीच सांगणार नाहीत’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मजकूर सध्या सोलापुरातल्या कौटुंबिक आणि महिला मंडळांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरतो आहे. अशा मजकुरांना उत्तरे देत बसायचे ठरवले तर दिवसाचे दुसरे काम होणार नाही, म्हणून एरवी मी ते न वाचता पुसून टाकते. हा मजकूर मात्र माझ्या भाचीच्या घरी पोहोचला. ती अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या एका कारखान्यात शिलाईकाम करते, तिला सातवा महिना चालू आहे, आणि तिच्या माता-बाल संरक्षण कार्डावर हिमोग्लोबिनच्या रकान्यात ८.४ असा, म्हणजे अंगात रक्त कमी असल्याचा, आकडा लिहिलेला आहे. मजकूर वाचून तिच्या सासूबाईंनी लोहाच्या गोळ्यांची पाकिटे फडताळात वर ठेवून दिली, ‘बाळ फार वाढलं की सिझर करावं लागतं’ असे म्हणत तिच्या ताटातली रात्रीची भाकरी एकाची अर्धी केली, आणि पुढच्या महिन्याच्या तपासणीची काही गरज नाही असेही ठरवून टाकले. सासूबाई दुष्ट नाहीत. सून सुखरूप मोकळी व्हावी हीच त्यांची इच्छा आहे. त्या इच्छेचा असा गैरफायदा घेणाऱ्या मजकुराला सौम्य शब्दांत उत्तर देण्याची मात्र माझी तयारी नाही. मी आयुष्यभर इतिहास शिकवला आहे, आणि इथे इतिहासाचीच साक्ष काढली आहे.

मजकुराचे म्हणणे असे: महायुद्धात इंग्लंडमध्ये दवाखाने बंद पडले, डॉक्टर सैन्यात गेले, खाणे रेशनवर आले, तरीही बालमृत्यू कमी झाले, यावरून बाळंतपणाला तपासण्या, गोळ्या आणि दवाखाना लागत नाहीत हे सिद्ध होते. युद्धात अर्धपोटी राहिलेल्या बायकांची बाळे लहानखुरी असत, म्हणून त्या सहज मोकळ्या होत. पाळणाघर ही चीज सरकारांनी बायकांना दारूगोळ्याच्या कारखान्यांत जुंपण्यासाठी काढली, तिथे वाढलेली मुले मायेवाचून दगड झाली, आणि म्हणूनच युद्ध संपताच इंग्लंड-अमेरिकेने पाळणाघरांना कुलूप लावले. आपल्या आज्यांनी घरच्या घरी आठ-आठ बाळंतपणे केली आणि काही बिघडले नाही. शेवटी युक्रेनमध्ये कीव्हच्या मेट्रो स्थानकात जन्मलेली बाळे आणि चीनमध्ये साधनांवाचून रुग्णालय चालवणारे आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस ही उदाहरणे जोडून, हा संदेश प्रत्येक गरोदर स्त्रीपर्यंत पोहोचवावा अशी आज्ञा केलेली आहे.

यातला एक धागा खरा आहे. तो आधीच मान्य करून टाकते, कारण बाकीचे सगळे त्याच्याच आधाराने उभे केलेले आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९३९ साली दर हजार जन्मांमागे सुमारे ५० बालके वर्षाच्या आत दगावत असत आणि १९४४ साली ही संख्या ४५ च्या आसपास उतरली होती. मजकुरातून मधली वर्षे मात्र सोयीस्करपणे गळाली आहेत. शहरांवर रात्रीमागून रात्री बॉम्ब पडत होते, कुटुंबे विखुरली होती, तळघरांतल्या गर्दीत साथी पसरत होत्या, तेव्हा हाच आकडा चढत जाऊन १९४१ मध्ये ६० वर पोहोचला होता. म्हणजे घडी विस्कटली तेव्हा बाळे अधिक मेली. त्यानंतर जे घडले त्याचे श्रेय टंचाईला देणे हा शुद्ध खोडसाळपणा आहे, कारण १९४० ते १९४२ या काळात त्या देशाने गरोदर स्त्रिया आणि पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जे केले ते शांततेच्या दिवसांत कधी केले नव्हते.

जुलै १९४० मध्ये राष्ट्रीय दूध योजना सुरू झाली: प्रत्येक गरोदर स्त्रीला, अंगावर पाजणाऱ्या आईला आणि पाच वर्षांखालच्या मुलाला रोज एक पाइंट, म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडे अधिक दूध दोन पेनींत, आणि गरिबाला फुकट. डिसेंबर १९४१ पासून जीवनसत्त्वांची योजना आली आणि तिच्यातून काळ्या मनुकांसारख्या फळाचा रस, पुढे अमेरिकेहून आलेला संत्र्याचा रस आणि कॉड माशाचे तेल वाटले जाऊ लागले. गरोदर स्त्रीचे रेशनपुस्तक हिरव्या रंगाचे असे. ते दाखवले की फळांच्या रांगेत तिचा नंबर पहिला लागे आणि अंडी दुप्पट मिळत. घटसर्पाच्या लसीची देशभर मोहीम याच काळात निघाली. ‘दवाखाने बंद पडले’ म्हणावे, तर सप्टेंबर १९३९ च्या पहिल्याच स्थलांतरात बारा हजारांहून अधिक गरोदर स्त्रियांना सरकारी खर्चाने धोक्याच्या शहरांतून बाहेर हलवले गेले आणि त्यांच्यासाठी खेड्यांकडच्या सरदार-जमीनदारांच्या हवेल्यांत प्रसूतिगृहे उघडली गेली. लंडनमधले एक जुने प्रसूती रुग्णालय हर्टफर्डशायरमधल्या ब्रॉकेट हॉल नावाच्या हवेलीत हलले आणि युद्ध संपेपर्यंत तिथे हजारो बाळे जन्मली.

त्या काळी इंग्लंडमध्ये पुष्कळ बाळंतपणे घरीच होत, हेही खरे आहे. पण १९३६ च्या कायद्याने तिथे पगारी, प्रशिक्षित, नोंदणी केलेल्या सुइणींची सार्वजनिक सेवा उभी राहिली होती. घरी येणारी बाई ही ती होती. शेजारची जाणती काकू नव्हे. बाळंतज्वरावर गुणकारी ठरलेली सल्फा औषधे १९३० च्या दशकात हाती आली होती, रक्त साठवून पुरवण्याची व्यवस्था युद्धामुळेच देशभर पसरली होती, आणि या सगळ्यांमुळे बाळंतपणात दगावणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण युद्धाच्या सहा वर्षांत हजारी तीनच्या आसपासवरून दोनच्याही खाली आले. मार्च १९४३ मधल्या रेडिओ भाषणात चर्चिल म्हणाले होते की लहान मुलांच्या पोटात दूध घालण्याइतकी चांगली गुंतवणूक कोणत्याही समाजाला नाही. त्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळाने वीस ते तीस लाख माणसे मेली, आणि तिथल्या बाळांच्या पोटाचा हिशेब या गुंतवणुकीत धरलेला नव्हता, हेही सांगून ठेवते. युद्ध सर्वांना सारखे सोसावे लागले असे समजून कोणी उदाहरणे देऊ नयेत.

आता सर्वांत घातक मुद्दा, ज्यामुळे भाचीच्या ताटातली भाकरी अर्धी झाली. उपाशी आईचे बाळ लहान होते, हे बरोबर आहे. ते चांगले असते, हे म्हणणे इतके निर्दय आहे की ते लिहिणाऱ्याने कधी दोन किलोचे बाळ हातात घेतले नसावे. युद्धातल्या उपासमारीचा गर्भावर काय परिणाम होतो याचा अभ्यास जगात जितका नीट झाला आहे तितका फार थोड्या गोष्टींचा झाला असेल, आणि तो अभ्यास हॉलंडमधला आहे.

सप्टेंबर १९४४ मध्ये दोस्त सैन्याला मदत व्हावी म्हणून डच रेल्वे कामगारांनी संप केला आणि त्याचा सूड म्हणून जर्मन सत्तेने देशाच्या पश्चिम भागाकडे जाणारे अन्न अडवले. पुढे बंदी सैल झाली तोवर कडक हिवाळ्याने कालवे गोठले होते आणि नावा चालत नव्हत्या. अ‍ॅमस्टरडॅमसारख्या शहरांत माणशी रेशन नोव्हेंबरअखेर हजार उष्मांकांच्या खाली गेले आणि डिसेंबर ते एप्रिल या काळात ते चारशे ते आठशेच्या दरम्यान राहिले. लोकांनी साखरेचे बीट आणि ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले. गरोदर स्त्रियांसाठी ठरवून दिलेले जादा रेशनही उपासमारीच्या ऐन भरात देता आले नाही. मे १९४५ मध्ये देश मुक्त झाला आणि अन्न आले. सुमारे वीस हजार माणसे त्या हिवाळ्यात मेली. या दुष्काळाला नेमकी सुरुवात होती आणि नेमका शेवट होता, तो सुस्थितीतल्या समाजावर अचानक कोसळला होता, आणि तशाही अवस्थेत तिथल्या सुइणी व डॉक्टर नोंदी ठेवत राहिले होते. त्यामुळे कोणते बाळ पोटात असताना कितव्या महिन्यात आई उपाशी होती हे पुढे जवळजवळ आठवड्याच्या हिशेबाने सांगता आले.

जी बाळे शेवटच्या तीन महिन्यांत या उपासमारीत सापडली त्यांचे जन्माचे वजन सरासरी दोनशे ते तीनशे ग्रॅमने घटले. माझी भाची आज नेमकी याच तीन महिन्यांच्या तोंडाशी उभी आहे. दुष्काळाच्या ऐन महिन्यांत गर्भ राहण्याचेच प्रमाण इतके घसरले की नऊ महिन्यांनंतरचे जन्म निम्म्यावर आले. अ‍ॅमस्टरडॅमच्या विल्हेल्मिना रुग्णालयात नोव्हेंबर १९४३ ते फेब्रुवारी १९४७ या काळात जन्मलेल्या २,४१४ बाळांचा माग पुढे संशोधकांनी ती पन्नाशीची झाली तरी सोडला नाही. पोटात असताना उपासमार सोसलेल्यांच्या शरीराला साखर पेलण्यात अडचण येते, म्हणजे मधुमेहाकडे त्यांचा कल अधिक असतो, असे त्यातून दिसले. पहिल्या तीन महिन्यांत ज्यांच्या आया उपाशी होत्या त्यांच्यात हृदयविकार अधिक आढळला, आणि त्याच वेळी गर्भात असलेल्यांमध्ये स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजाराचे प्रमाण अधिक असल्याचे अन्य डच अभ्यासांतून पुढे आले. ‘बाळ तर ठणठणीत दिसते’ असे म्हणणाऱ्यांनी या पहिल्या तीन महिन्यांच्या गटाकडे नीट पाहावे. यांच्या आयांना नंतर पोटभर अन्न मिळाले होते, त्यामुळे ही बाळे जन्मताना वजनाने नेहमीसारखीच होती. काट्यावर काही दिसले नाही, आणि पन्नास वर्षांनी हृदयात दिसले.

लेनिनग्राडच्या वेढ्यातली माहिती याहूनही काळीकुट्ट आहे. १९४२ च्या पहिल्या सहामाहीत तिथल्या रुग्णालयात जन्मलेल्या बाळांचे वजन अर्ध्या किलोहून अधिक घटले होते आणि दिवस पूर्ण भरण्याआधी जन्मणारी बाळे फार मोठ्या संख्येने होती, असे त्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनीच पुढे लिहून ठेवले. त्या बायका सहज मोकळ्या झाल्या असे म्हणायला जीभ कशी वळते?

बाळंतपण सोपे किंवा अवघड होणे हे आईच्या कमरेच्या हाडांची ठेवण, बाळाचे डोके खाली आहे की नाही, कळांचा जोर, अशा अनेक गोष्टींवर अवलंबून असते, आणि त्यांतली एकही अर्धी भाकरी खाऊन सुधारत नाही. बाळ अडीच किलोच्या खाली असेल तर त्याला अंगातली ऊब टिकवता येत नाही, ओढून दूध पिण्याची ताकद नसते आणि जंतुसंसर्ग चटकन होतो. आईचे काय होते तेही सांगायला हवे. बाळंतपणात प्रत्येक स्त्रीचे काही रक्त जातेच. रक्त पुरेसे असलेली बाई अर्धा लिटर रक्त गेले तरी सावरते. हिमोग्लोबिन आठावर असलेल्या बाईला तेवढ्यानेच धाप लागते, आणि रक्तस्राव थोडा जरी वाढला तरी दवाखान्यात पोहोचेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हे आजही मातामृत्यूचे अग्रगण्य कारण आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या गरोदर स्त्रियांपैकी ५२ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. अशा देशात लोहाच्या गोळ्या बंद करा असे सांगत सुटणे म्हणजे काय, हे ज्याचे त्याने ठरवावे.

गोळ्यांनी मळमळते, शौचाला घट्ट आणि काळे होते, पुष्कळजणी याच कारणाने त्या टाकून देतात, आणि ही तक्रार खोटी नाही. त्यावर उपाय आशाताईही सांगतात: गोळी चहाबरोबर घेऊ नये, कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नये, जेवणानंतर लिंबूपाण्याबरोबर घ्यावी, आणि फारच त्रास झाला तर डॉक्टरांकडून गोळी बदलून घ्यावी. चौथ्या महिन्यापासून रोज एक, अशा किमान १८० गोळ्या गरोदरपणात सरकारी योजनेतून फुकट मिळतात. गोळीने बाळ काळे होते ही समजूत मजकुरात नाही, पण सासूबाईंच्या बोलण्यात आली, म्हणून तिचाही इथेच निकाल लावते: तिला कसलाही आधार नाही.

‘कार्डे आणि तपासण्या हे आताचे धंदे आहेत’ असे एक वाक्य मजकुरात मध्येच टाकलेले आहे. गरोदर स्त्रीची नोंद करून तिच्या हाती तपासण्यांचे पुस्तक देण्याची पद्धत जपानने सुरू केली ती १९४२ साली, ऐन युद्धात. ते पुस्तक असलेल्या बाईला जादा रेशन मिळे आणि तपासण्यांच्या नोंदी त्यातच होत. युद्धानंतर १९४८ मध्ये त्याला बाळाच्या नोंदी जोडल्या गेल्या आणि आई व मूल दोघांचे मिळून एकच पुस्तक झाले. भाचीच्या पर्समधले मळलेले, चार घड्या पडलेले कार्ड याच घराण्यातले आहे.

कोटणीसांचे नाव या मजकुरात गोवले आहे याचा सोलापूरकर म्हणून मला विशेष राग आला. १९३८ साली चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांपैकी ते एक होते, आणि ज्या रुग्णालयाचे ते पुढे प्रमुख झाले त्याला नाव होते कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथून यांचे. बेथून १९३९ च्या नोव्हेंबरमध्ये गेले ते शस्त्रक्रिया करताना बोट कापून रक्तात जंतुसंसर्ग पसरल्यामुळे. हातमोजे नव्हते आणि उपयोगी पडेल असे औषधही नव्हते. कोटणीस स्वतः ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी गेले. त्यांचा मुलगा तेव्हा चार महिन्यांचाही नव्हता. साधने नसतानाही त्यांनी काम केले हा त्यांचा मोठेपणा आहे, आणि साधने नसणे हे त्यांच्यावर आलेले संकट होते. भैय्या चौकातल्या त्यांच्या घराचे स्मारक झाले आहे, ते मजकूर लिहिणाऱ्याने एकदा पाहून यावे. युक्रेनचे उदाहरणही तसेच. मेट्रोत बाळे जन्मली, कारण वर बॉम्ब पडत होते. ९ मार्च २०२२ रोजी मारियुपोलमधल्या प्रसूती रुग्णालयावरच हल्ला झाला आणि तिथून स्ट्रेचरवर बाहेर काढलेली एक गरोदर स्त्री आणि तिचे बाळ दोघेही वाचले नाहीत. मजकुरात कीव्ह आहे, मारियुपोल नाही.

आज्यांच्या आठ बाळंतपणांविषयी एवढेच सांगते की त्या पिढीचा हिशेब सरकारदरबारी मांडलेला आहे. युद्ध चालू असतानाच, ऑक्टोबर १९४३ मध्ये, सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आरोग्यविषयक समितीने १९४६ साली अहवाल दिला. ब्रिटिश हिंदुस्थानात हजारी १६२ बालके पहिला वाढदिवस पाहत नाहीत आणि दरवर्षी सुमारे दोन लाख स्त्रिया बाळंतपणाशी निगडित कारणांनी मरतात, असे तो अहवाल सांगतो. आठ बाळंतपणे केली असे कौतुकाने सांगितले जाते तेव्हा त्यांतली किती मुले हाती लागली, हेही त्याच दमात विचारावे. ज्या आज्या गेल्या त्यांची नातवंडे व्हॉट्सअ‍ॅपवर नाहीत.

राहता राहिली पाळणाघरे. इथे मजकूर निम्मा खरा आहे आणि म्हणूनच अधिक फसवा आहे. युद्धकाळातली पाळणाघरे बायकांना कारखान्यांत आणण्यासाठी उघडली गेली, हे खरे आहे. ऑक्टोबर १९४० मध्ये इंग्लंडमध्ये अशी सरकारी पाळणाघरे जेमतेम १४ होती. डिसेंबर १९४१ मध्ये अविवाहित तरुणींना सक्तीने युद्धकार्यात घेण्याचा कायदा झाला, विवाहितांच्या श्रमांचीही गरज भासू लागली, आणि १९४३ पर्यंत पाळणाघरांची संख्या १,३४५ वर गेली. पण ती बायकांच्या गळ्यात मारली गेली असे म्हणता येत नाही, कारण बाबागाड्या ढकलत रस्त्यावर उतरून ती मागणाऱ्या आयांचे मोर्चे याच काळात लंडनमध्ये निघाले होते. दिवसाला सुमारे एक शिलिंग घेऊन तिथे मुलाला सांभाळले जाई, जेवू घातले जाई, कॉड माशाचे तेल पाजले जाई आणि डॉक्टरकडून तपासले जाई. सर्दी-खोकला आणि गोवर तिथे अधिक पसरत, हेही त्या काळच्या डॉक्टरांनीच नोंदवले आहे. ते मी लपवत नाही.

मुले ‘मायेवाचून दगड झाली’ हा आरोप मात्र दुसऱ्याच संस्थांवरचा आहे. युद्धात दोन प्रकारच्या सोयी होत्या. एक दिवसाची पाळणाघरे, जिथून मूल संध्याकाळी आईच्या कडेवर घरी जाई. दुसरी निवासी शिशुगृहे, जिथे आईपासून तोडलेली मुले महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे राहत. लंडनच्या हॅम्पस्टेड भागात अ‍ॅना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या मनोविश्लेषक स्त्रियांनी चालवलेली शिशुगृहे मुख्यतः या दुसऱ्या प्रकारची होती, आणि मुलांना बॉम्बपेक्षा आईची ताटातूट अधिक मोडते, हे त्यांनीच बारकाईने लिहून ठेवले. म्हणूनच त्यांनी चार-पाच मुलांमागे एक ठरलेली सांभाळणारी दिली आणि आयांना कोणत्याही वेळी भेटीला येण्याची मुभा ठेवली. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांचा जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेला १९५१ चा गाजलेला अहवाल प्रामुख्याने अशाच, संस्थांत वाढलेल्या आणि आईला मुकलेल्या मुलांविषयीचा आहे. त्याच सुमारास संघटनेच्या एका तज्ज्ञ समितीने दिवसाच्या पाळणाघरांनाही त्याच दावणीला बांधले, ही गोष्ट खरी. पण १९६२ मध्ये संघटनेनेच या विषयाचा फेरविचार करणारा स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. मजकूर १९५१ वर थांबलेला आहे.

दिवसाच्या पाळणाघरांत वाढलेल्या मुलांचे पुढे काय झाले, याचे उत्तर अमेरिकेत मिळते. लॅनहॅम कायद्याखाली १९४३ ते १९४६ या काळात तिथे केंद्र सरकारच्या पैशाने पाळणाघरे चालली. १९४४ मध्ये ऐन बहरात अशी तीन हजारांवर केंद्रे होती आणि त्यांत सुमारे एक लाख तीस हजार मुले होती. ज्या राज्यांत यावर अधिक खर्च झाला आणि ज्यांत कमी झाला तिथल्या मुलांची मोठेपणची स्थिती अर्थतज्ज्ञ ख्रिस हर्ब्स्ट यांनी ताडून पाहिली, आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासाचा निष्कर्ष असा की आयांचा रोजगार वाढला आणि मुलेही मोठेपणी शिक्षणात व कमाईत पुढे राहिली. गरीब घरांतल्या मुलांना हा लाभ अधिक झाला. पोर्टलंडच्या कायझर जहाजकारखान्याने नोव्हेंबर १९४३ मध्ये कारखान्याच्या वाटेवरच दोन बालकेंद्रे उघडली होती. रात्रपाळीतही ती चालत, मूल थोडे आजारी असेल तर ठेवायला वेगळी खोली होती, आणि घरी परतणाऱ्या आईला रात्रीचे शिजवलेले जेवण तिथूनच विकत नेता येई. ही पाळणाघरे बंद का झाली? मुले बिघडली म्हणून नव्हे. जहाजे बांधण्याचे काम संपले, पुरुष परत आले, आणि पैसा थांबला. इंग्लंडमध्ये एप्रिल १९४६ पासून केंद्राचे अनुदान निम्मे झाले. अमेरिकेत ऑगस्ट १९४५ मध्ये बंदची घोषणा होताच आयांच्या पत्रांचा आणि तारांचा असा पाऊस पडला की मुदत फेब्रुवारी १९४६ अखेरपर्यंत वाढवावी लागली, आणि कॅलिफोर्नियाने तर ती राज्याच्या पैशाने पुढेही चालू ठेवली. आपल्याकडे ज्या वर्षी युद्ध संपले त्याच १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीला ग्रामबालशिक्षा केंद्र उघडत होत्या.

पाळणाघरे नव्हती तेव्हा मुले आजीच्या मांडीवर वाढत, हे चित्रही गिरणगावाला लागू पडत नाही. गिरणीत जाणाऱ्या आया तान्ह्या मुलाला अफूची बाळगोळी देऊन निजवून जात, असे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतल्या सरकारी चौकशांत नोंदलेले आहे. त्यावर उपाय म्हणूनच कारखान्यांत बालकक्षाची तरतूद कायद्यात आली. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने पन्नासहून, आणि १९७६ च्या दुरुस्तीनंतर तीसहून, अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यावर पाळणाघराची सक्ती केली, १९६६ च्या विडी कामगार कायद्यानेही पन्नासहून अधिक स्त्रियांसाठी तेच केले, आणि २०१७ मध्ये प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटण्याचा हक्क मिळाला. हे सगळे कायदे आवाराच्या भिंतीपर्यंतच पोहोचले. विडी मात्र सोलापुरात घरोघर वळली जाते. पूर्व भागातल्या कोणत्याही बोळात दुपारी डोकावले तर आईच्या मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली तेंदूची पाने, आणि हातभर अंतरावर गोधडीवर निजलेले मूल दिसते. ते हालचाल करू लागले की ती पायाने गोधडी हलवते आणि हात थांबू देत नाही, कारण हजार विड्या भरल्याशिवाय दिवसाची मजुरी पुरी होत नाही. यंत्रमागांच्या आणि टॉवेलच्या लहान कारखान्यांत बायकांची संख्या कायद्याच्या आकड्याच्या अलीकडेच राहिली, किंवा तशी दाखवली गेली. माझी भाची बाळंतपणाची रजा संपल्यावर मूल कोणाकडे ठेवणार, हा प्रश्न तिच्या घरात अजून सुटलेला नाही. पाळणाघरांनी मुले बिघडवली असे सोलापुरात ज्यांना सांगायचे असेल, त्यांनी आधी तिच्या कारखान्यातले पाळणाघर कुठे आहे ते दाखवावे.